साठचा बल्ब

रत्नप्रभा शहापूरच्या बाजारातून खोलीवर परतली तेव्हा पडवीतल्या टोपलीत बारा पिल्लं एकमेकांवर चढून कलकलत होती. मुंगसाने कोंबडी नेल्यापासून टोपलीवरचा साठ वॅटचा बल्बच त्यांना ऊब द्यायचा. तिचा अंड्यांचा धंदा याच पिल्लांवर उभा राहायचा होता. आज त्या जागी पांढरा, पिळाचा दिवा होता. “काका, माझा बल्ब?” “चाळीतले सगळेच बदलले गो! जुने दुकानदाराने घेतले. उजेड तेवढाच, वीज पावपट,” म्हातारा घरमालक खुशीत म्हणाला. तिने त्याचा हात धरून दिव्याखाली नेला. “ऊब लागते काय?” त्याचा चेहरा उतरला. पौषातला वारा सुटला होता. दोन पिल्लं मान टाकू लागली होती. तिने त्याचे तळवे टोपलीत पिल्लांवर ठेवले आणि ती दुकानाकडे धावली. बल्ब घेऊन आली तेव्हा म्हातारा तसाच वाकलेला होता. “हळू लाव गो, निजलीत सगळी.”