नव्या अल्बमची अडचण

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यापासून नवऱ्यानं दारूच्या थेंबालाही हात लावला नव्हता. सकाळी उठून तो कुंड्यांना पाणी घालायचा आणि बाल्कनीत गिटार घेऊन नवी गाणी रचायचा. बायकोला अजून ते खरंच वाटत नव्हतं.

एका दुपारी त्याच्या रॉक बँडचा मॅनेजर आला. गाणी ऐकून त्यानं डोक्याला हात लावला.

"वहिनी, अहो, टोमॅटोवर गाणं केलंय यानं! लोक याच्याकडे रडायला येतात हो."

"मग मी काय करू?"

"जरा भांडत जा. नाहीतर सरळ माहेरी जा. मागे तुम्ही रागावून गेलात, तेव्हाच तर याची सगळी गाजलेली गाणी झाली."

तिला हसू आलं. नवरा दारातच उभा होता. आता हा मॅनेजरला हाकलून देणार, म्हणून तिनं त्याच्याकडे पाहिलं.

तो मान खाली घालून म्हणाला, "जाशील का गं? अल्बम होईपर्यंतच."

तिनं कपाटावरची बॅग खाली ओढली.

"जाते की. फक्त शेवटच्या गाण्यात मी परत येते, असं काही लिहू नकोस."