वाकडं हेड

अकरावी फ्लॉपीही उघडली नाही. ड्राइव्ह घरघरला, दोनदा खाकरला आणि टीव्हीच्या पडद्यावर तीच ओळ उमटली. फ्लॉपी वाचता येत नाही.

थोरलीने धाकट्या भावाकडे पाहिलं. तो कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याच्या दुकानात स्टुलावर साळसूदपणे बसून नखं बघत होता.

बाबांचा हा जुना घरगुती कॉम्प्युटर. घड्याळं दुरुस्त करून दुकान बंद केलं, की बाबा रोज त्यावर रोजनिशी लिहायचे. ते जाऊन महिना झाला होता. थोरलीला घरातला वाटा नको होता, भांडीकुंडी नको होती. आपण भांडून घर सोडल्यावर बाबांनी आपल्याबद्दल काय लिहिलं, एवढंच तिला हवं होतं. आणि नेमकं तेवढंच गायब! घर सोडण्याआधीच्या फ्लॉप्या धडाधड उघडल्या. घर सोडल्यानंतरची पहिलीही उघडली. पुढच्या अकराच्या अकरा कोऱ्या. पाणी कुठंतरी मुरत होतं.

त्या पहिल्या फ्लॉपीत काय आहे ते तिला माहीत होतं. एकदा घरी आली असताना तिने ती गुपचूप पर्समध्ये टाकून नेली होती. मैत्रिणीकडे तस्संच मशीन होतं, त्यावर वाचली आणि पुढच्या खेपेला परत ठेवली. तिच्याबद्दल चकार शब्द नव्हता. मग दुसरी नेली, ती उघडलीच नाही. खराब असेल म्हणून तिने नाद सोडला. पुढे घरी जाणंही कमी होत गेलं. यातलं ती कुणाला बोलली नव्हती.

"मशीन आठ दिवस आधी इथे आणायची काय घाई होती रे तुला?"

"तुला द्यायचं तर धड चालणारं द्यावं म्हटलं, ताई."

"धड चालणारं, की पुसून साफ केलेलं?"

"अगं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही!"

दुरुस्तीवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला. "बाई, त्यांना नका बोलू. घोळ माझाच आहे. ड्राइव्हचं हेड, म्हणजे फ्लॉपीवर लिहिणारं-वाचणारं टोक, जागेवरून सरकलेलं होतं, ते मी सरळ केलं. वाकड्या हेडने लिहिलेलं त्याच वाकड्या हेडला वाचता येतं. बाकी कुठल्याही ड्राइव्हला ती फ्लॉपी कोरीच. पण एक सांगतो. ते आपोआप सरकलेलं नव्हतं. स्क्रू फिरवून, तो पुन्हा हलू नये म्हणून वर लाखेचा थेंब लावला होता. कुणीतरी मुद्दाम केलंय."

"ऐकलंस? मुद्दाम!" थोरली भावावर कडाडली. त्याचे डोळे भरून आले होते, पण तिला तेही सोंगच वाटलं.

दुरुस्तीवाल्याने ड्राइव्हचं झाकण काढलं. लाखेचा तुटलेला डाग अजून होता, अर्धा स्क्रूवर, अर्धा शेजारी. त्याने स्क्रू सैल केला, डागाला डाग जुळेपर्यंत केसभर फिरवला आणि अकरांमधली सगळ्यात जुनी फ्लॉपी आत सरकवली. ड्राइव्ह घरघरला. या वेळी खाकरला नाही.

थोरली पुढे वाकली. आता धाकट्याचं बिंग फुटणार होतं. पडद्यावर बाबांच्या ओळी एकेक करून उतरू लागल्या.

'थोरलीने मागची फ्लॉपी न सांगता नेली, वाचली आणि परत आणून ठेवली. डब्यात उलटी ठेवली, म्हणून कळलं. आज हेड जरा वाकडं करून ठेवलं. आता फ्लॉपी दुसरीकडे कुठे नेऊन वाचता येणार नाही. वाचायचीच असेल, तर पोरीला इथे येऊन माझ्याशेजारी बसावं लागेल.'