दोनच वर्षं चालली

जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी उचलायला फोर्कलिफ्ट हवी होती, म्हणून जुन्या मशिनी विकणाऱ्या रुपेशकडे तळेगावला गेले. फोर्कलिफ्टला नवाकोरा पिवळा रंग, मीटरवर जेमतेम अठराशे तास.

"दोनच वर्षं चालली," तो माझ्याकडे न बघताच म्हणाला. "पण ताई, तुमी काऊन आल्या? मशिनीतलं तुमाले काय समजते? एखादा माणूस पाठवाचा होता."

मी खाली वाकले. स्टिअरिंगच्या दांड्याला दर दसऱ्याच्या पूजेत बांधलेले लाल नाडे होते, अर्धे पिवळ्या रंगात माखलेले. एकेक करून मोठ्याने मोजले. अकरा भरले.



"रुपेशभाऊ, मीटर तर मागं फिरवलं तुमी, दसरे फिरवाचे राह्यले!"