टाकीचं झाकण

रिठद गावाच्या अलीकडे मोटार पुन्हा बंद पडली. आधी धाप लागल्यासारखी फुरफुरली, दोन आचके दिले आणि भर रस्त्यात गप्प. जानराव पाटलांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर आपटला.

"झाली बंद? अबे इब्राहीम, तुह्याकडं आणायच्या आधी नुसता धूर टाकत होती बिचारी. चालत तरी होती!"

इब्राहीम वाशीमचा मोटार-मिस्त्री. आठवड्यापूर्वी त्यानेच हे इंजिन सगळं खोललं होतं, टाकी उतरवली होती, पुन्हा जोडून दिलं होतं. धूर गेला आणि हे नवं दुखणं मागे लागलं. चार-पाच मैल झकास पळायची, मग बसकण मारायची. मग इब्राहीमला बोलावणं. त्याने यावं, प्लग पुसावेत, कार्ब्युरेटर साफ करावा, टाकीचं झाकण काढून काडीने पेट्रोल बघावं, हँडल मारावं, की बया चालू! मोटार इब्राहीमले भेते, असं लोक हसून सांगायचे. इब्राहीमला मात्र आता रडायचंच बाकी राहिलं होतं. म्हणून आज तो स्वतःच सोबत निघाला होता.

"सांग मले, काहून बंद पडून राह्यली हे?" पाटील तापले. "आज नाही सांगितलं तं उद्या मोटार अकोल्याले. तू बस मंग बापाचा भाता फुकत."

हे मात्र झोंबलं. वाशीमात मोटारी त्या किती! पाटलांची अकोल्याला गेली की बाकीच्याही जाणार, आणि दुकानाला कुलूप. बाप जब्बारमियाँ कल्हईवाला. भांड्यांना कल्हई करायची, फुटक्या भांड्यांची भोकं कथलाच्या डाखाने बुजवायची, हा घरचा धंदा. तो सोडून पोरगा मोटारींच्या नादी लागला, तेव्हापासून दोघांची कामं एकाच अंगणात चालायची, पण म्हातारा मोटारींकडे पाठ करून बसायचा. पोराच्या दुकानाला तो 'त्याचं खटारखानं' म्हणायचा. त्याच्यासमोर हात हलवत परत जायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं!

इब्राहीमचं डोकं फिरलं. खड्ड्यात गेले ते प्लग! त्याने रागारागाने टाकीचं झाकण तेवढं उपटलं. फुस्स! हवा आत ओढली गेली. हा आवाज रोजच होत असणार, पण पाटलांच्या शिव्यांपुढे तो ऐकतो कोण? इब्राहीमने दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. हँडल मारलं. मोटार चालू.

त्याने झाकण उलटं करून पाहिलं. झाकणाला मधोमध एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी तिथून टाकीत हवा जाते. हवा कोंडली की पेट्रोल उतरत नाही, आणि इंजिन उपाशी मरतं. ते भोक कुणीतरी डाख लावून बुजवलं होतं.

"कोन्या गाढवानं केलं हे?" इब्राहीम ओरडला. "सापडू द्या, हातच तोडतो त्याचे!"

बोलता बोलता त्याचा अंगठा डाखावरून फिरला आणि तिथेच थबकला. डाख असा घासला होता की बोटाला काही लागेना. साऱ्या वाशीमात असा हात एकाचाच होता.

झाकण सैल ठेवून त्याने मोटार हाकली. वाटेत ती कुठे थांबली नाही. पाटील खूश होऊन पान चघळत होते, आणि इब्राहीम दातओठ खात होता. इतका राग? इतका, की पोटच्या पोराचं दुकान बुडवावं?

जब्बारमियाँ नेहमीसारखे पाठ करून भात्याशी बसले होते. इब्राहीमने झाकण त्यांच्या पुढ्यात आदळलं.

"अब्बा, हे तुमी केलं काय? दुकान बुडवाचं होतं तं सरळ सांगाचं ना!"

म्हाताऱ्याने झाकण उचललं. डाखावरून बोट फिरवलं. मग पोराकडे बघितलं. तो कशापायी चिडला, हेच त्यांना कळेना.

"कायले बुडवीन? तू घाईत होता, भोक तसंच राह्यलं होतं. म्या पाह्यलं म्हनून बरं," जब्बारमियाँ म्हणाले. "आपल्या दुकानातून भोकाचं भांडं जाऊ देऊ काय?"