माळावरचे खुंटे

अमरसिंहने फोनवर उंची पाहिली, खाली दिसणारी वेदगंगा नदी पाहिली आणि बायकोला म्हणाला, "स्नेहल, इथं पाणी येणार नाही. कधीच."

कोल्हापुरातल्या त्यांच्या घरात दोनदा पूर शिरला होता. तेव्हापासून तो अशी जागा शोधत होता. उंचावर घर, स्वतःची विहीर, छतावर सोलर, वर्षाचं धान्य आत. वीज गेली, रस्ता तुटला, दुकानं बंद पडली तरी अडायला नको. गारगोटीकडची जागा त्याने नापास केली होती. तिथली विहीर फेब्रुवारीतच आटली होती. मुरगूडजवळच्या या माळावरची विहीर मार्च संपत आला तरी निम्मी भरलेली होती.

"शेजार कोण?" त्याने विचारलं.

जमीनमालक ख्वाजा मुल्लाणी बांधावर उकिडवे बसले होते. "शेजार कुठला हितं? गाव खाली हाय."

"हे चांगलंच."

"चांगलं?" ख्वाजांनी स्नेहलकडं बघितलं. "वयनी, पावण्यांचं भांडण झालंय व्हय कुणासंगं?"

स्नेहल हसली. अमरसिंहने टेपचं टोक तिच्या हातात दिलं आणि माप घेत मागं सरकू लागला. त्याची टाच कशाला तरी अडली. जमिनीत बाभळीचा खुंटा होता. त्याने तो हलवून उपटला. मग पुढचा दिसला, त्याच्यापुढचा दिसला. माळभर खुंटे होते.

"हे कशाला?"

"पूर आला की गावाची जनावरं हितं बांधत्यात. माणसंबी येत्यात की. माझ्या आज्यापासनं चालत आलंय."

"हे काढावे लागतील. मी आठ फुटी कंपाउंड घालणार आहे."

"घाला की. रानडुकरं लई झाल्यात. फाटक कुठं ठेवणार?"

"रस्त्याकडं."

"आन् कुलूप?"

"असणारच. चाचा, आत वर्षाचं धान्य असेल. पुरात माणसं काय करतील, सांगता येतं का?"

ख्वाजा गुडघ्यावर हात टेकून उठले. "मग जमायचं न्हाय."

"किंमत वाढवून देतो."

"किमतीचं कोण बोललंय? मला विकायचंच हाय, पावणं. गुडघं गेलं, हितवर चढवत न्हाय. पर पुरात ह्या फाटकाला कुलूप दिसलं, तर गाव मला विचारंल. तुमास्नी न्हाय."

अमरसिंह बायकोकडं वळला. "अशी जागा परत मिळायची नाही. तू समजाव यांना."

स्नेहल त्या उपटलेल्या खुंट्याकडं बघत होती. "पुरात आपण ज्या गच्चीवर राहिलो, ती कुणाची होती?"

"शेजारच्या बनाबाईंची." त्याने टेप ताणला. "ते वेगळं होतं."

तिनं टेपचं टोक सोडलं. पट्टी सरसरत जाऊन त्याच्या हातातल्या डबीत शिरली. तिनं खुंटा उचलला, त्याच्या जुन्या भोकात बसवला आणि शेजारचा धोंडा घेऊन वर घाव घातला.

"वयनी," ख्वाजा म्हणाले, "जरा तिरका ठोका. म्हस वढती."