शिवपुरीहून परतताना

दीड वर्षापूर्वी शिवपुरीला गंगेच्या खवळत्या पाण्यात मयुराची कयाक उलटली आणि तिचा उजवा खांदा निखळला. ऑपरेशननंतर तिचा हात वर जात नव्हता, तेव्हा तिचा नवरा साकेत रोज ऑफिसला निघण्याआधी तिचे केस विंचरून द्यायचा. पुढे तिला पाण्याचीच धास्ती बसली. मग तो दर रविवारी गुरुग्रामच्या एका पूलमध्ये छातीभर पाण्यात उभा राहून तिची कयाक धरू लागला. ती उलटी व्हायची, घाबरायची आणि तो तिला सरळ करायचा.

"होईल यार, घाई काय आहे?" एवढंच म्हणायचा.

काल दोघं पुन्हा शिवपुरीला गेले. त्याच वळणावर कयाक परत उलटली. काठावर साकेत श्वास रोखून उभा राहिला. पण वल्ह्याच्या एका फटकाऱ्यासरशी मयुरा आपली आपण वर आली आणि काठाला लागताच ओलीच्या ओली त्याच्या गळ्यात पडली.

"जमलं रे मला! एकटीला जमलं!"

तो तिच्याहून जास्त रडला.

परतताना मेरठ मागे पडल्यावर त्याने गाडी बाजूला घेतली.



"मयुरा, मला वेगळं व्हायचंय," तो म्हणाला. "अपघाताच्या दिवशीच सांगणार होतो. तू पाण्यातून बाहेर आलीस की लगेच."