डाव्या खांद्याचा दस्ता

“दस्ता उलटा हाय की रं,” अमरसिंह म्हणाले.

ते खिडकीशी उभे राहून रायफल उजेडात फिरवत होते. जुनी पॉइंट टू-टू. परवाना गणपतरावांच्या नावावर होता आणि गणपतराव दिवाळीनंतर गेले. आता ती घरात ठेवता येत नव्हती. अमरसिंहांचं बंदुकांचं दुकान. ते ती न्यायला आले होते. पण बराच वेळ झाला तरी त्यांच्याच्यानं ती खाली ठेववत नव्हती.

नळी विलायती होती. खांद्याला लावायचा लाकडी दस्ता मात्र गणपतरावांनी स्वतः घडवलेला. शिरोलीच्या एका फौंड्रीत ते जन्मभर लाकडाचे साचे कोरत आले. या कामाला त्यांनी अक्रोडाचा एकच अखंड तुकडा घेतला होता. लाकडातल्या काळ्या रेषा खांद्याकडून नळीकडे वाहत गेल्या होत्या. मुठीवरची बारीक जाळी हातानं कोरलेली, आणि एकही रेघ आपली जागा सोडून गेली नव्हती.

“लाकडाला तेल पाजायचा हा माणूस,” अमरसिंह हसले. “आमाला कधी चहा पाजला न्हाई.”

“उलटा म्हणजे? आबांची चूक झाली?” गणपतरावांच्या मुलानं, राजवीरनं विचारलं.

“चूक आणि गणपतराव? हा गाल टेकायचा उंचवटा बघ. उजव्या अंगाला काढलाय. म्हणजे रायफल डाव्या खांद्याला लावायची. आणि लांबीला बी आखूड. दस्ता अंगावर बेतून करत्यात, लेका, कपड्यागत. हा तुझ्या आबाच्या मापाचा न्हाई. बाईमाणसाच्या मापाचा हाय. डावखुऱ्या.”

राजवीरनं स्वयंपाकघराकडे बघितलं. घरात डावखुरं माणूस एकच होतं.

आणि त्या माणसानं या रायफलीला कधी हात लावला नव्हता. दर रविवारी आबा ती मांडीवर घेऊन जवसाचं तेल चोळायचे आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायचे, “अगं, बघ की जरा. चावत न्हाई ती.” आई काही काम नसलं तरी गॅस पेटवायची. खंडेनवमीला विळी, सुरी, आबांची पटाशी, सगळ्यांना ती हळदकुंकू लावायची. रायफलीवर लांबूनच झेंडूचं फूल टाकायची. एकदा आबांनी थट्टेत ती तिच्या मांडीवर ठेवली. ती किंचाळून उठली. रायफल फरशीवर आपटली. दस्त्याला पडलेली खोक आबांनी कधी बुजवली नाही.

दवाखान्यात शेवटी शेवटी त्यांनी राजवीरला विचारलं होतं, “तुझ्या आईला त्या दस्त्यातलं काय आवडलं न्हाई रं?” राजवीरला वाटलं, ग्लानीत बोलतायत.

राजवीरची आई, संयोगिताबाई, चहा घेऊन बाहेर आल्या.

“वहिनी,” अमरसिंह म्हणाले, “ही तुमच्यासाठी केल्याली हाय की ओ.”

“ठाऊक हाय मला.” त्यांनी ट्रे खाली ठेवला. “दोरीनं माझा हात मोजत होते. मी झोपले असं वाटलं त्यांना.”

“म्हणजे तुमी चालवत होता?”

“कॉलेजात. तिथंच तर ह्यांनी बघितलं मला.”

त्यांनी पदराला हात पुसले आणि पुढे केले.

“द्या.”

अमरसिंहांनी रायफल रिकामी असल्याची पुन्हा खात्री केली आणि संयोगिताबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती डाव्या खांद्याला लावली. मान कलली, गाल टेकला. कोपर कुठं ठेवायचं ते कोपराला माहीत होतं. नळी समोरच्या भिंतीवर जाऊन स्थिर झाली. डोळे भरून आले, वाहायला लागले, तरी नळीचं टोक हललं नाही.

“बसला,” अमरसिंह हळू आवाजात म्हणाले. “केसाचा फरक न्हाई.”

पुष्कळ वेळानं संयोगिताबाईंनी रायफल खाली घेतली.

“परवाना तुमच्या नावानं मागू, वहिनी. मी अर्ज टाकतो.”

“नको. घेऊन जावा.”

“एवढंच तर करायचं होतं, आई!” राजवीरचा आवाज चढला. “आबा असताना एकदा धरली असतीस तर काय बिघडलं असतं? वाट बघून बघून गेला की तो माणूस!”

अमरसिंहांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो झटकला.

संयोगिताबाईंनी रायफल दोन्ही हातांनी अमरसिंहांकडे दिली. मग त्या लेकाकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या. नेहमीच्याच मऊ आवाजात बोलल्या.

“तू पोटात होतास. हे साचा बघायला भट्टीजवळ गेले आणि लोखंडाचा तापलेला रस उडाला. छाती भाजली सगळी. डॉक्टर म्हणाले, देवाला हाक मारा. मी अंबाबाईला म्हटलं, माझा जीव ज्यात हाय ते सोडते. जन्मात परत रायफल धरणार न्हाई, पण हे माणूस ठेव. असं बोललं ते कुणाला सांगायचं नसतं, सांगितलं की फळत न्हाई. म्हणून ह्यांना बी सांगितलं न्हाई.”

राजवीरनं दस्त्यावरच्या त्या खोकेवर बोट ठेवलं.

“आज धरली,” त्या म्हणाल्या. “आता काय बिघडायचंय?”